खदानीतले चाफे

नीलेशचं बोईसरला फोटोचं दुकान आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "अजून चालतं?" हा प्रश्न त्याला इतका पाठ झालाय की हल्ली तो कुणाला तोंडच उघडू देत नाही. स्वतःच सांगून टाकतो, "चालत नाही. बसलंय. पण उठायचा विचार आहे."

लग्नवाले गेले. ते आता केळव्याच्या किनाऱ्यावर मुंबईहून ड्रोनवाला आणतात. पासपोर्टवाले मोबाइलवर भागवतात. राहिले कोण, तर मेलेले. त्यांनी मात्र नीलेशची साथ सोडली नाही. कुणी गेलं की दहाव्याच्या आत घरचे आधारकार्ड घेऊन दुकानात येतात, आणि आधारकार्डावर माणूस कसा दिसतो हे काय सांगायचं, मेल्यावरही त्याहून बरा दिसतो. नीलेश तो चेहरा उचलतो, उजळतो, मागे निळं आकाश घालतो आणि गळ्याखाली कोट बसवतो. जन्मात बनियनवर शर्ट न चढवलेले कितीतरी म्हातारे आज उमरोळीपासून तारापूरपर्यंतच्या भिंतींवर टाय लावून बसलेत, ती सगळी ह्याची करणी. जिवंत गिऱ्हाईक आलंच तर त्याच्यासाठी एकच वाक्य: "हसा. नैसर्गिक हसा." हे वाक्य ऐकून आजवर एकही माणूस नैसर्गिक हसलेला नाही.

अख्ख्या गावाच्या मेलेल्यांना कोट घालणाऱ्या ह्या माणसाच्या घरातल्या एका मेलेल्याचा मात्र फोटोच नव्हता. त्याचा थोरला भाऊ, देवू.

देवू जन्मला साहेबाच्या खदानीत, आणि दात यायच्या आत तिथेच तापानं गेला. मासवणच्या अंगाला डोंगर फोडून केलेली ही खदान इंग्रजाच्या काळची. रेल्वेच्या पुलांना दगड इथून जायचा म्हणतात. नीलेशची आई रखमाबाई त्याच बाजूच्या पाड्यावरची, परकर नेसायच्या वयापासून खडी फोडणारी. बाप पुंजाराम खानदेशातून आलेला, सुरुंगाची भोकं पाडणारा. दोघांचं जमलं ते धुरळ्यातच, त्यामुळे एकमेकांचे चेहरे नीट दिसले नसावेत असं नीलेश म्हणायचा आणि पाठीत धपाटा खायचा. पुढे खदान बंद पडली, पुंजाराम एमआयडीसीत वॉचमन झाला आणि नीलेश बोईसरच्या भाड्याच्या खोलीत जन्मला. पुंजारामही आता भिंतीवर आहे. कोटात.

रखमाबाईचे हट्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होते. ती खुर्चीवर बसत नाही. फोनवर बोलताना एवढी ओरडते की फोनची गरज राहत नाही. आणि शेवग्याची शेंग खात नाही. वाताची म्हणे. पुंजारामलाही वाताचीच होती. सुनेला, प्रियंकाला, मात्र शेंगांशिवाय आमटी आमटी वाटत नाही, म्हणून शेंगा असल्या की सासूची डाळ आधी वेगळी काढली जायची.

तर एका दुपारी जेवताना नीलेश सहज बोलून गेला, "आये, तुझी साहेबाची खदान भरतायत. डंपर लागलेत. वर गोडाऊन होणार."

रखमाबाईचा घास हातातच राहिला.

"कधी?"

"चालूच आहे. पाणी तर अर्धं बुजलं म्हणे."

 तिचे डोळे काचबिंदूनं चारी बाजूंनी मिटत आले होते. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं गोल दिसायचं, आणि ते गोलही दर महिन्याला आवळत होतं. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती राहील सांगता येत नाही, असं डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. त्यात गेल्या वर्षी पडून खुबा मोडला, तेव्हापासून वॉकर. खदानीत उतरणं सोडा, तिला रिक्षात चढवायलाही दोन माणसं लागत.

हात धुऊन तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "निल्या, तू फोटोवाला हायस ना?"

"असं लोक म्हणतात."

"मग देवूचा चाफा दाखव मना. डोळं हायत तवर."

खदानीतल्या बायकांची ती रीत होती. तान्हं मूल गेलं की जाळत नसत, कडा फोडताना सुटलेल्या वरच्या पायरीवर पुरत, आणि उशाला चाफ्याची फांदी खोचत. फांदीला पान फुटलं की बाळ रुजलं म्हणायचं. मग आईनं रडायचं बंद करून घण उचलायचा. नाही फुटलं तर? नीलेशनं लहानपणी विचारलं होतं. "चाफा फुटतोच," ती म्हणाली होती. "म्हणून तर चाफा."

आता नीलेशनं काय करावं? त्यानं तेच केलं जे धंद्यात करायचा. उमरोळीच्या देवळासमोर एक जुनाट चाफा आहे, तिथे गाडी थांबवली, मागचं देऊळ येणार नाही अशा बेतानं फोटो मारला आणि संध्याकाळी आईपुढे धरला. रखमाबाईनं मोबाइल नाकाशी नेला, तिरका केला, बराच वेळ निरखला.

"याला पार हाय."

"काय?"

"खाली पार बांधलाय. खदानीत पार कोण बांधंल? तुझा बाप तर भोकं पाडीत होता." मग मोबाइल परत देत ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या मेलेल्यांना कोट घालतोस, घाल. माज्या पोराला घालू नको."

प्रियंका आतून हसली नाही, ह्यावरून नीलेशला कळलं की आपण फारच खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो खरा कॅमेरा घेऊन निघाला. मासवणच्या रस्त्यावरून आत वळल्यावर पुढे रस्ता डंपरचाच होता. टायरांनी दळलेली लाल माती गुडघ्यापर्यंत उडत होती. खदानीच्या तोंडाशी गाडी लावून त्यानं खाली बघितलं. डोंगर आतून खरवडून काढलेल्या टोपासारखा दिसत होता. तळाला हिरवं पाणी, आणि त्या पाण्यात एका बाजूनं पडक्या इमारतींचा राडारोडा शिरत चाललेला: विटा, फरशीचे तुकडे, एक फुटकं कमोड. डंपर मागे यायचा, धडधड ओतायचा, आणि लोडरवाला ते पुढे ढकलायचा. पाणी दर ढकलण्यासरशी वर चढत होतं.

लोडरवाल्यानं त्याला बघितलं आणि शिट्टी मारली. "ओ भैया! किधर? उधर सब कच्चा है, सरक जाएगा."

त्याचं नाव रामकिसन. गमछ्यानं तोंड बांधलेलं, फक्त डोळे दिसत होते, आणि तेही त्या धुळीत हसरे. नीलेशनं बोईसरी हिंदीत सगळं सांगितलं. आई, डोळे, भाऊ, चाफा. रामकिसननं मशीन बंद केलं.

"वो ऊपर वाला कोना? आज ही भरना था उसको." त्यानं डोकं खाजवलं. "अच्छा, आप फोटू निकालो. तब तक मैं इधर नीचे भरता हूँ. हो जाए तो आवाज दे देना."

पायवाट उरलीच नव्हती. नीलेश दगडाला धरून, बसून, घसरून असा पायरी पायरी चढला. एकदा पाय सटकला आणि लेन्सचं झाकण टणटण उड्या मारत पाण्यात गेलं. तो तसाच पालथा पडून राहिला. नाकासमोर कातळ होता आणि कातळात उभी खाच. नळी मधोमध चिरावी तशी अर्धगोल, सरळ, बोट फिरवलं तर अजून गुळगुळीत. शेजारी दुसरी. पुढे तिसरी. सगळ्या कड्यावर त्या खाचा होत्या. सुरुंगाची भोकं. दगड उडाला, भोकांची अर्धी पाठ तेवढी राहिली. ह्यातली काही पुंजारामची असणार. कुठली, ते सांगायला पुंजाराम आता काही कोटातून उतरणार नव्हता.

तो उठला आणि फोटो काढायला लागला. खरं सांगायचं तर त्याला भान राहिलं नाही. भोकं काढली. गंजून पापुद्रे सुटलेले ट्रॉलीचे रूळ काढले, ते कड्याच्या टोकाशी जाऊन हवेतच संपत होते. सुरुंगाची दारू ठेवायची दारूकोठी काढली. तिच्या भिंती हातभर जाड, आणि छप्पर नुसत्या पत्र्याचं असायचं, उडालंच तर वर उडावं, बाजूच्या माणसांवर नको म्हणून. आई सांगायची. आता पत्रा गेला होता आणि आत एक पिंपळ निवांत उभा होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा नीलेश अशा कशाचे फोटो काढत होता, ज्याला गोरं करायचं नव्हतं.

दारूकोठीला वळसा घालून तो वरच्या पायरीवर आला आणि जागच्या जागी थांबला.

चाफा एक नव्हता.

कड्याला धरून ओळच्या ओळ होती. वाकडेतिकडे, गाठाळ, पानं झडलेले आणि टोकाटोकाला पांढऱ्या फुलांचे झुबके. काही इतके जवळ की फांद्या एकमेकींत शिरलेल्या. काही लांब, एकटे. खाली फुलांचा सडा आणि त्यावर राडारोड्याची बारीक धूळ. त्यानं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडली. आपण झाडं मोजत नाही आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.

"आये," तो मोठ्यानं म्हणाला, "ह्यात कुठला गं?"

खाली डंपर ओतला गेला. मग त्यानं एकेक चाफा घेतला. समोरून, बाजूनं, बुंधा, फांदी. शाळेतल्या ओळखपत्रांचे फोटो काढावेत तसा शिस्तीत. आई ओळखेल. आईला ओळखता आलंच पाहिजे.

ओळीच्या टोकाला एक शेवगा होता. बुंधा कधीतरी मोडून पुन्हा फुटलेला, आणि हातभर लांब शेंगांनी लगडलेला. कुणाच्या तरी झोपडीमागचा राहून गेला असेल, असं म्हणून नीलेशनं शेवटच्या चाफ्याचा फोटो घेताना तो नीट बाहेर ठेवला. चौकटीत नको ते येऊ द्यायचं नाही, एवढी विद्या त्याला होती. पण शेंगा बघून प्रियंका आठवली. त्यानं पाच-सहा मोडल्या, शेवग्याला पाठ करून उभा राहिला, शेंगा तलवारीसारख्या धरल्या, दात काढले आणि मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून बायकोला पाठवला: "आणू का? फुकट आहेत." तिचा अंगठा आला.

उतरताना त्यानं हात हलवला. "रामकिसनभाई, हो गया! थँक यू!"

"हो गया ना? पक्का?"

"पक्का!"

फोटो मोठे दिसावेत म्हणून त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरचा मोठा पडदाच उचलून घरी आणला. रखमाबाईला त्याच्यापुढे पाटावर बसवलं. ती पडद्याला नाक लावून बसली, आणि एकेक चाफा त्या आवळत्या गोलातून पुढे सरकू लागला.

"हा तर तानीचा. हिचा पोरगा माज्या आधी गेला." पुढचा. "हा शालूच्या पोरीचा." पुढचा. "नाय." पुढचा. "नाय."

"आये, घाई करू नको. नीट बघ."

"बघते ना. नाय."

शेवटचा आला. तिनं तो सगळ्यात जास्त वेळ बघितला. "याच्या पुढचा दाखव."

"हाच शेवटचा."

"शेवटचा कसा? याच्या पुढं अजून हाय."

"आये, मी स्वतः उभा होतो तिथे. पुढे चाफा नाही. संपली ओळ." त्याचा आवाज चढला. "तू विसरली असशील. इतकी वर्षं झाली. ह्यातला कुठलाही धर ना! सगळे सारखेच तर आहेत!"

तिनं पडद्यावरून नाक मागे घेतलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कटकन आवाज आला. मग पुन्हा, कट, आणि साल ओढल्याची बारीक चर्र.

रखमाबाईनं मान वळवली. "काय मोडते ती?"

"काही नाही आई," प्रियंका आतून म्हणाली, "तुमची डाळ वेगळी काढलीय."

"शेंगा हायत?"

"हो."

"कुठच्या?"

"मंडईतल्या," नीलेश म्हणाला. सवयच ती.

"खोटं कशाला बोलता?" प्रियंका ताट घेऊन बाहेर आली. "खदानीतून आणल्यात त्यांनी."

रखमाबाईनं हात पुढे केला. प्रियंकाला कळेना, तिनं ताट खाली ठेवलं. म्हातारीनं एक न मोडलेली शेंग चाचपून उचलली आणि दोन्ही तळव्यांवर आडवी धरली, तान्ह्या मुलाला धरतात तशी. मग ती जे बोलली ते अगदी सावकाश बोलली.

"तुज्या बापाला फांदी आणाया धाडलं. मी पोराजवळ बसले होते. तिन्हीसांज झाली होती, आणि तो रडून रडून आंधळा झालेला. मुकादमाच्या आवारातनं मोडून आणली. पान नव्हतं, काय नव्हतं. मी हात लावला तवाच कळलं, चाफ्याला चीक असतो, हिला नव्हता. पण त्यानं आपल्या हातानं खोचली होती. माती थापटीत होता, थापटीतच होता. त्याला काय सांगू, ही पण चुकली म्हणून?"

"मग नंतर?"

"नंतर पान फुटलं तवा समद्यांना कळलं. बायका हसल्या. पोराच्या उशाला भाजी लावली म्हणल्या. तो काय बोलला नाय, मी काय बोलले नाय. शेंगा लागल्या त्या वर्साला आमी दोघांनी बी ताटातली शेंग बाजूला काढली. कुणी कुणाला विचारलं नाय." तिनं शेंग छातीशी घेतली. "चाफाच म्हणत आले मी. तुला बी चाफाच सांगितला. वाटलं, तू समदं काढून आणशील, मी बोट ठेवीन. तोंडानं नको बोलाया."

नीलेश उठला होता. "फोटो नाही घेतला मी त्याचा," तो म्हणाला, आणि चप्पल कशीबशी घालून पळाला.

बोईसरच्या पुलावर कंपन्यांच्या बसेस सुटल्या होत्या. शिफ्टची वेळ. तो शिव्या देत, हॉर्न दाबत, एकदा चक्क फुटपाथवरून गाडी काढत निघाला. उमरोळी मागे पडली. खदानीच्या तोंडाशी पोचला तेव्हा उजेड होता, मशीन बंद होतं, आणि रामकिसन ड्रमातल्या पाण्यानं तोंड धुत होता.

वरच्या पायरीच्या जागी उतार होता. विटांचा, मातीचा, एकसारखा, नुकताच दाबलेला.

"भैया?" रामकिसन ओलं तोंड घेऊन बघत राहिला. "आप ही तो बोले थे, हो गया. पक्का बोले थे."

 नीलेश त्या उतारावर चढला आणि टोकाच्या बाजूला, अंदाजानं, हातांनीच उकरू लागला. वीट काढली की वरून दुसरी यायची. नखातून रक्त आलं. तो उकरतच राहिला. थोड्या वेळानं मागे मशीन घरघरलं. रामकिसननं बकेट लावून एक खोरं ओढलं, दुसरं ओढलं. मातीतून चाफ्याच्या मोडलेल्या फांद्या आल्या, पांढरा चीक गळणाऱ्या, फुलं अजून शाबूत. तिसऱ्या खोऱ्याला सगळा उतार वरून सरकला आणि नीलेश कमरेपर्यंत त्यात गेला. रामकिसननं उडी टाकून त्याला बखोटीला धरून ओढलं.

"बस करो, भैया. आप भी वहीं रह जाओगे."

दोघं उताराच्या पायथ्याशी धापा टाकत बसले.  रामकिसननं गमछा झटकून नीलेशच्या हातांना गुंडाळला. प्रियंकाला फोन लावावा म्हणून नीलेशनं मोबाइल काढला. तिचं नाव दाबलं आणि वर सकाळचा निरोप उघडला: "आणू का? फुकट आहेत." त्यावर तो स्वतः. शेंगा तलवारीसारख्या धरलेला, सगळे दात दाखवणारा. आणि त्याच्या खांद्यामागे, अर्धा त्याच्याच डोक्यानं झाकलेला, मोडून पुन्हा फुटलेला बुंधा.

घरी रखमाबाई त्याच पाटावर बसून होती. शेंग मांडीवर. कापलेल्या तुकड्यांचं ताट तिथेच, तसंच. प्रियंकाला ते चुलीवरही चढवता येईना आणि टाकताही येईना. 

ह्या वेळी नीलेश खोटं बोलला नाही. "बुजलं, आये," म्हणाला. "मीच हो गया म्हणालो होतो." आणि मोबाइल पुढे केला. "एवढाच आहे."

तिनं तो नाकाशी धरला. तिचं बोट पडद्यावर फिरलं, चित्र मोठं झालं, सरकलं, नीलेशचा कान आला, मग दात आले, मग ते सगळं बाहेर गेलं आणि गोलात नुसता बुंधा राहिला. पुसट, खरखरीत. एवढा मोठा केलेला फोटो नीलेशनं गिऱ्हाइकाला कधी दिला नसता. ती तो बघत राहिली. दिवे लागले, प्रियंकानं खिडकी लावली, तरी ती बघत होती. बोट अजून थोडं सरकलं. आता बुंधा आणि त्याला चिकटून नीलेशचे दात, दोन्ही एकाच वेळी दिसत होते.

"हसतोस कशाला रं, मेल्या?" रखमाबाई म्हणाली.